तीन आरांचा घोळ

जामखेड तालुक्यात खर्ड्याच्या किंवा चौंडीच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असेल, तर आता तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. 2008 च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमापासून मोजलं तर ही मजल मारायला दहा वर्षं लागली. त्या उशिराचं खापर तलाठ्यांवर फोडण्याची पद्धत आहे: हातातली सत्ता जाणार म्हणून त्यांनी अंग चोरलं. आरोप अर्धा खरा आहे. दप्तर एकाच माणसाच्या कपाटात असलं की काय होतं, हे गावाला सांगायला नको. पण खरा वेळ खाल्ला तो दप्तरात मुरलेल्या चुकांनी. समजा, गटाचं क्षेत्र 2 हेक्टर 40 आर आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज 2 हेक्टर 43 आर. कागदावर हे तीन आर पिढ्यान्‌पिढ्या खपून गेले. वाटणी बांधावर ठरलेली, बेरीज कोण करत बसतो? संगणक मात्र तिथंच अडला. मग जुने फेरफार उपसा, चूक कोणत्या नोंदीत शिरली ते शोधा, महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश मिळवा. या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते 2017 चं चावडी वाचन. गावासमोर उतारे मोठ्यानं वाचले की चूक ज्याची त्यालाच कळते, आणि त्याला सर्व्हर लागत नाही.

15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणीचं मोबाइल ॲप आलं तेव्हा सर्व्हरशिवायही काम होतं, हा धडा थोडा विसरला गेला. स्वतःच्या पिकाची नोंद शेतकऱ्यानंच केली तर तलाठ्याच्या अंदाजपंचे नोंदी थांबतील, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा, ही अटही रास्त. पण जामखेडसारख्या तालुक्यात रब्बीची ज्वारी पोटऱ्यात येते, तेव्हा तिचा मालक अनेकदा बायकोमुलांसह दूरच्या उसाच्या फडात कोयता चालवत असतो. घरी राहिलेल्या म्हाताऱ्याकडे साधा फोन असतो. म्हणून शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदी तलाठी स्तरावर करण्याची सोय ठेवावी लागली. ॲपनं काढून घेतलेलं काम असं फिरून चावडीवर आलं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फडात गेलेल्या माणसाच्या बाराच्या रकान्यात ज्वारी ॲप आल्यावरही तलाठ्यालाच भरावी लागली.