सैल पायडल: गाडी म्हातारी झाली म्हणून सोडून देऊ नका

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला आपण जातो, तेव्हा पोराटोरांना खांद्यावर घेऊन आणखी एक गोष्ट दाखवतो. ती म्हणजे छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी. 1930च्या दशकातली, जर्मन बनावटीची. इतकी जुनी गाडी आजही मिरवणुकीत चालते ती कुणीतरी निगा राखतं म्हणूनच. मग आपल्या दारातली जुनी जीप कुरकुरली की आपण लगेच "वय झालं तिचं" असं का म्हणतो?

आज याच विषयावर बोलायचं आहे. पायडल सैल होणं हे गाडीच्या वयाचं दुखणं नाही. कुठला तरी एक छोटा तुकडा झिजलेला असतो. तो शोधता येतो आणि बदलताही येतो.

आधी आमच्यावर काय बेतलं ते सांगतो. आमच्या गटातल्या एका वहिनींकडे त्यांच्या मामंजींची जुनी विलीज जीप आहे. घरातल्या माणसासारखी सांभाळलेली. मागच्या पावसाळ्यात प्रभागसंघाची बैठक आटोपून आम्ही सहाजणी त्याच जीपमधून पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरत होतो. प्रत्येक वळणावर खट्‌ खट्‌ आवाज यायचा. वहिनींचे दीर ब्रेकवर एकदा पाय मारत, मग दुसऱ्यांदा मारत, तेव्हा कुठे गाडी धरायची. "जुन्या गाडीचं असंच असतं," ते म्हणाले. आम्ही गाडी थांबवायला लावली आणि उरलेला उतार पायी उतरलो. घरी आल्यावर खालून पाहिलं, तर ब्रेकच्या पायडलाची पिन निम्मी बाहेर आलेली! आदल्या वर्षी कुणा मिस्त्रीने तिला खिळीऐवजी तार गुंडाळून दिली होती. ती तार तुटली होती.

आता हे पायडल चालतं कसं ते बघू. शिलाई मशीन आठवा. तिचं पायडल दोन बाजूंच्या टोकदार स्क्रूंवर झुलतं. स्क्रू सैल झाले की खडखड वाढते आणि आपण पाय मारतो तितका जोर चाकाला पोचत नाही. जीपमध्येही तसंच आहे. पायडल जमिनीच्या पत्र्यातून खाली जातं आणि एका आडव्या दांड्यावर फिरतं. दांडा आणि पायडल यांच्यामध्ये एक नळी असते, तिला बुश म्हणतात. पुढे एका पिनेने पायडल सळईला जोडलेलं असतं. ती सळई ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला ढकलते. पाय काढल्यावर पायडल वर आणायला स्प्रिंग असते. हे सगळं जमिनीखाली असल्याने चिखल, पाणी, धूळ थेट तिथेच बसते. वेळेवर ग्रीस गेलं नाही की झीज सुरू झालीच म्हणा.

सैलपणा चार तऱ्हेचा असतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, चाकांना दगड लावा आणि स्वतः तपासा.

पहिली तऱ्हा. पायडल हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगलं तर बुश किंवा दांडा झिजलाय.

दुसरी. पायडल हाताने हळू दाबा. सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते, ती असायलाच हवी. जुन्या जीपच्या क्लचला साधारण एक इंच, ब्रेकला अर्धा इंच. गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा खरा धरावा. चाल फार वाढली असेल तर पिन झिजलीय, तिचं भोक लांबट झालंय किंवा नट फिरलाय. पण चाल अजिबात ठेवली नाही तर क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो आणि त्याची प्लेट जळते. म्हणून "घट्ट करून द्या" एवढंच मिस्त्रीला सांगू नका.

तिसरी. पायडल दाबलं की खालीच राहतं. स्प्रिंग तुटली असेल, नाहीतर दांडा गंजून अडकला असेल.

चौथी तऱ्हा सगळ्यांत धोक्याची. ब्रेक दाबून धरा आणि तीस अंक मोजा. पायडल हळूहळू खाली बसत गेलं तर ब्रेक ऑइल कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलंय. पहिल्या दाबाला खाली जाऊन दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर चाकातल्या ब्रेकचं अंतर वाढलंय किंवा ऑइलमध्ये हवा शिरलीय. अशा जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ऑइलची वाट एकच असते. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक जातात. म्हणून अशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, मिस्त्रीलाच घरी बोलवायचं.

आमच्या जीपचं काम शिवाजी उद्यमनगरात झालं. तिथे लेथ मशीन आहेत, ओतकाम करणारे आहेत. दुकानात न मिळणारा तुकडा तिथे घडवून मिळतो. मिस्त्रींनी आधी पत्रा उघडून सांधा रॉकेलने धुतला. हे मात्र ध्यानात ठेवा: ब्रेकच्या आतल्या रबराला रॉकेल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागू द्यायचं नाही, रबर फुगतं. मग पिन काढली, जुना बुश ठोकून बाहेर काढला. दांडा मापला आणि त्या मापाचा गनमेटलचा नवा बुश लेथवर करून घेतला. गनमेटल का? ते पोलादापेक्षा मऊ असतं. झिजलंच तर बुश झिजतो, महागाचा दांडा वाचतो. बुश असा बसवला की पायडल सहज फिरावं पण डुगडुगू नये. नवी पिन घातली, तिला नवी खिळी लावली. वापरलेली खिळी सरळ करून पुन्हा घालायची नाही. ती वाकवताना मोडते. शेवटी स्प्रिंग बदलली, ग्रीस भरलं, मोकळी चाल मापून लावली आणि मोकळ्या मैदानात सावकाश गाडी चालवून ब्रेक पाहिला.

वहिनींनी या खर्चासाठी गटात अंतर्गत कर्ज मागितलं तेव्हा काहीजणी हसल्या. "पायडलला कर्ज?" उतार पायी उतरलेल्या आम्ही मात्र हसलो नाही. ठराव झाला, रजिस्टरला "गाडी दुरुस्ती" अशी नोंद पडली आणि दोन हप्त्यांत पैसे परतही आले. शेळी आजारी पडली तर आपण कर्ज देतो. ज्या गाडीत घरची माणसं बसतात तिच्या ब्रेकला का नाही?

मैत्रिणींनो, मिस्त्रीकडे गेलात तर दोन गोष्टी बोला. "सैल कुठे आहे ते हात लावून दाखवा" आणि "काढलेला तुकडा आम्हाला परत द्या". तो तुकडा पिशवीत जपून ठेवा, पुढच्या वेळी लेथवाल्याला नमुना म्हणून उपयोगी पडतो. आणि वडापमध्ये बसल्यावर ड्रायव्हर दर वळणाला दोनदोनदा ब्रेक मारताना दिसला, तर गप्प बसू नका. "दादा, गाडी बाजूला घ्या," एवढं म्हणायला ड्रायव्हिंगचं लायसन लागत नाही.

आमच्या वहिनींनी पिनेभोवतीची ती तुटकी तार टाकून दिलेली नाही. गटाच्या बैठकीत कुणी "चालतंय की" म्हणालं, की त्या ती पिशवीतून काढून सतरंजीवर ठेवतात.