बेलारूसचा बटाटा

बटाटा आपल्या लोकांस इतका घरचा वाटतो की, तो परका आहे हे मुद्दाम सांगावे लागते. त्याचे नावच मुळी पोर्तुगीजांबरोबर आले. तरी एकादशीला तो चालतो आणि गहू चालत नाही. हे कोडे आम्ही लहानपणी आजीला घातले, तेव्हा "तुला कीस खायचाय की वाद घालायचाय?" एवढेच उत्तर मिळाले. याच परक्या कंदाने पूर्व युरोपातील बेलारूस देशात कसे बिऱ्हाड थाटले, हे येथे पाहावयाचे आहे. आपल्याकडील कित्येक मुले हल्ली वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या देशात जातात, तेव्हा विषय अगदीच दूरचा नव्हे.

तेथे बटाट्यास 'बुल्बा' म्हणतात, आणि शेजारी लोक बेलारूशियनांस थट्टेने 'बुल्बाश' म्हणतात. अठराव्या शतकात बटाटा तेथे आला. त्यापूर्वी शेतकऱ्याचे पोट राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर आणि सलगमावर चाले. जमीन हलकी, हवा थंड व ओलसर. अशा ठिकाणी थोड्या जागेत पुष्कळ अन्न देणारे पीक गरिबास न आवडते तरच नवल! शिवाय ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स पंथाच्या दीर्घ उपवासांत मांस आणि दूधदुभते वर्ज्य. त्या दिवसांत उकडलेला बटाटा आणि जवसाचे किंवा भांगेच्या बियांचे तेल हाच आधार. म्हणजे उपवासाच्या पानावर परका कंद बसविण्याची युक्ती केवळ आपलीच नव्हे.

तेथील मुख्य पदार्थ 'द्रानिकी'. हा शब्द किसणे, ओरबाडणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. कच्चा बटाटा बारीक किसावयाचा, त्यात कांदा किसून घालावयाचा, मीठ टाकावयाचे आणि चरबीवर लहान लहान धिरडी खरपूस भाजावयाची. बटाट्याचा कीस हवा लागताच काळवंडतो. कांद्यामुळे ही क्रिया मंदावते, म्हणून कांदा केवळ चवीसाठी नाही. किसाचे पाणी निथळून ठेवले की तळाशी पांढरे सत्त्व बसते, ते परत किसात मिसळतात. धिरडे बांधले जाते ते त्याच्या जोरावर; पीठ फार घालणाऱ्या सुगरणीस तेथे नाक मुरडतात. वर आंबट साय. काही घरांत भाजलेली द्रानिकी मातीच्या भांड्यात सायीसह घालून भट्टीत पुन्हा मुरवितात. आत खिमा भरला की तीच 'कल्दुनी' होते. कीस, कांदा आणि डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे एकत्र करून भट्टीत भाजले की 'बाब्का'.

ही भट्टी म्हणजे विटांची मोठी चूलच; हिवाळ्यात म्हातारीकोतारी आणि पोरे तिच्यावरच निजत. त्यामुळे मुलांच्या नाकात अन्नाचा वास झोपेतच शिरे. सालीसकट उकडलेल्या बटाट्यास तेथे 'गणवेशातला बटाटा' म्हणतात, हे नाव आम्हांस फार आवडले. गुरे राखणारी पोरे निखाऱ्यात बटाटे भाजून तोंड काळे करून घेत. सोव्हिएत काळात सप्टेंबर महिन्यात शाळा-कॉलेजांतील मुलांस सामुदायिक शेतांवर बटाटे काढावयास नेत. त्या पिढीच्या आठवणींत कंबरदुखी आणि शेकोटी दोन्ही आहेत. कवी याकुब कोलास (१८८२–१९५६) यांनी 'नवी भूमी' हे आपल्या बालपणावरील दीर्घ काव्य १९११ मध्ये तुरुंगात आरंभिले आणि १९२३ मध्ये पुरे केले. त्यातील एक प्रकरण स्वयंपाकी बनलेल्या काकावरच आहे. कोठडीत बसून माणसास घरची चूल आठवावी, हे आम्हांस साहजिक वाटते.

या आठवणींवर २६ एप्रिल १९८६ रोजी घाला पडला. चेर्नोबिलची अणुभट्टी युक्रेनमध्ये फुटली. पण किरणोत्सर्गी धुळीचा फार मोठा वाटा बेलारूसवर पडला. सीझियम हे द्रव्य रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखे वागते, म्हणून वनस्पती त्यास भुलून मुळांवाटे आत घेते. शेतास पोटॅशचे खत पुरेसे दिले की ही फसगत कमी होते. १९९९ मध्ये तेथे जी मर्यादा ठरली ती बटाट्यास किलोमागे ८० बेकेरेल आणि ताज्या अळंब्यांस ३७० अशी होती. बटाट्यात मर्यादा राखणे त्या मानाने सोपे गेले. अडचण होती ती जंगलातल्या अळंब्यांची; रानातील जमिनीस खत कोण घालणार? द्रानिकीवर अळंब्यांचे कालवण ओतावयाचे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आजीने ज्या रानात टोपली घेऊन नेले, तेथून काही आणले तर प्रथम मापकाकडे न्यावे लागू लागले. आजी वासावरून अळंबे ओळखी. किरणांस वास नाही.

ब्रागिन, खोइनिकी आणि नारोव्ल्या या तालुक्यांतील कित्येक गावे तर उठलीच. तेथे १९८८ साली राखीव क्षेत्र झाले आणि परसातल्या बटाट्याच्या वाफ्यांवर रान माजले. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारी 'रादुनित्सा' हा पितरांचा दिवस येतो. त्या दिवशी जुन्या रहिवाशांस आत जाऊ देतात. ते थडगी झाडतात, कापड अंथरतात, आणि घरून आणलेले जेवण तेथेच बसून खातात.