मुलींच्या कबड्डीचं वर्ष

अलिबागजवळच्या थळ गावात आणि आसपासच्या किनाऱ्यावर कबड्डीचं वर्ष पावसाच्या हिशेबानं चालतं. पावसाळ्यात मातीचं मैदान बंद. मग दोरीउड्या, दंड-बैठका, दम वाढवणं. भातकापणी उरकली की माती सपाट करायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि फक्कीनं आखायचं.

महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर. १५ मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक संघात सात जणी. चढाईचे ३० सेकंद पाहणाऱ्याला थोडे वाटतात, खेळणारीला फार मोठे!

हिवाळा म्हणजे स्पर्धांचा मोसम.

गावच्या मैदानापलीकडेही या खेळाची झेप मोठी आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी पहिल्यांदा आली आणि सुवर्ण भारताचं झालं. २०१२ च्या पाटण्यातल्या पहिल्या महिला विश्वचषकातल्या विजेत्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. तेव्हा गावातल्या मुलींचा सराव दिसला, तर जरूर थांबून बघा.