पूर, वारा, लाटा आणि संभाव्यतेचे गणित: काशीद किनाऱ्यावरून एक मागोवा

पूल किंवा जेट्टीवरील गाड्यांचे वजन मोजता येते. पुढच्या 50 वर्षांतील सर्वांत मोठा पूर आधी मोजता येत नाही. पाठीशी फणसाडचे डोंगर आणि समोर उघडा अरबी समुद्र असलेल्या काशीदला पाऊस, वारा आणि लाटा अशा तिन्ही यादृच्छिक भारांचा हिशेब लागतो. हा हिशेब गेल्या नव्वद वर्षांत पायरीपायरीने बदलत गेला.

सर क्लॉड इंग्लिस यांनी 1930 मध्ये सह्याद्रीतील नद्यांच्या पुरांवरून एक सूत्र बसवले. पाणलोट 10 चौरस किलोमीटर असेल, तर त्यातून सेकंदाला सुमारे 275 घनमीटर पूर निघतो. मात्र असा पूर किती वर्षांतून येईल, याबद्दल सूत्र मुके आहे.

ती उणीव एमिल गुम्बेल यांनी 1941 मध्ये भरून काढली. दरवर्षीचा सर्वांत मोठा पूर घ्यायचा आणि त्या मालिकेला कमाल मूल्यांचे वितरण लावायचे, ही त्यांची रीत. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे कोणत्याही वर्षी 1 टक्का शक्यता असलेला पूर. पुलाचे आयुष्य 50 वर्षे धरले, तर त्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 39 टक्के भरते. धोका शून्य करता येत नाही. किती धोका पत्करायचा, हे ठरवावे लागते.

वाऱ्यासाठी हाच विचार आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आला. 1987 च्या आवृत्तीत 50 वर्षांच्या पुनरावर्तन काळावर मुंबईचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. 2015 च्या आवृत्तीने चक्रीवादळासाठी वाढीव गुणक आणला, पण तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या 60 किलोमीटरच्या पट्ट्यापुरता. रायगडचा किनारा त्या पट्ट्याबाहेर राहिला. तरीही 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा रायगडात घरांची छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

लाटांचे गणित 1952 मध्ये लाँग्वेट-हिगिन्स यांनी मांडले. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी 4 मीटर असेल, तर हजार लाटांत एखादी साडेसात मीटरच्या आसपास जाते. दहा सेकंदांना एक लाट धरली, तर हे तीन तासांच्या आत घडते. किनाऱ्याजवळ मात्र पाण्याची खोली लाटेला मर्यादा घालते, म्हणून जेट्टीसाठी भरती-ओहोटीचा हिशेबही लागतो. आयआयटी मुंबईच्या एम. सी. देव यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस लाटांच्या तत्काळ अंदाजासाठी न्यूरल नेटवर्क वापरून दाखवले.

11 जुलै 2021 च्या रात्री अतिवृष्टीत काशीदजवळचा अलिबाग–मुरुड रस्त्यावरील जुना पूल वाहून गेला आणि एकाचा जीव गेला. कोकणात असे लहान ओढे-नाले पुष्कळ आहेत. बहुतेकांवर प्रवाहमापक नसल्याने त्यांच्यासाठी जुनी सूत्रे किंवा दूरच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी वापराव्या लागतात. शिवाय जुन्या नोंदींसारखेच पुढचे हवामान राहील, हे या प्रारूपांचे गृहीतक आता डळमळीत झाले आहे. अरबी समुद्रातील तीव्र चक्रीवादळे अलीकडच्या दशकांत वाढली आहेत. म्हणूनच लहान नाल्यांवर सलग मोजणी आणि त्यानुसार संकल्पनाच्या आकड्यांची वेळोवेळी फेरतपासणी, या दोन्ही गोष्टी पुलाच्या बांधकामाइतक्याच निकडीच्या आहेत.