कोल्ड रीडिंग: आधी न पाहिलेलं पान आणि घरातला छोटा कलाकार

ज्यांना या भागाचं ऐकणं जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. थोडं साफसूफ केलंय, बाकी बोललो तसंच आहे.

माझी भाची तिसरीत आहे. शाळेच्या बालनाट्यात काम केल्यापासून आमच्या देवपूरच्या घरात ऑडिशनचं वारं शिरलंय. तुमच्याही घरात असा एखादा भाचा किंवा धाकटी बहीण असेल, तर मदतीला शेवटी तुम्हालाच बोलावतात, कारण फोन नीट धरता येणारे तुम्हीच.

कोल्ड रीडिंग म्हणजे काय? मुलाच्या हातात आधी न पाहिलेलं पान देतात, पाच-दहा मिनिटं मिळतात, आणि मग कॅमेऱ्यासमोर तो प्रसंग करायचा. पालकांना वाटतं, ही वाचनाची परीक्षा. मग सुरू होतं, 'अडखळू नको, मोठ्याने म्हण!' खरं तर समोरच्याला बघायचं असतं, की मूल ऐकतं का आणि ऐकून बदलतं का. 'नाळ २'मधली त्रिशा ठोसर आठवा. धड वाचताही येत नाही अशा वयात तिने ते काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. लहान मुलाला वाचता येत नसेल तर प्रसंग दोनदा वाचून दाखवा. चाल लावून मात्र देऊ नका, मूल तुमची चाल जशीच्या तशी उचलतं.

आता प्रत्यक्ष करून बघू. हे पान मीच लिहिलंय.

आई: दप्तर कुठंय?
मुलगा: शाळेत राहिलं.
आई: शाळा किती वाजता सुटली?
मुलगा: पाचला.
आई: आणि आता किती वाजले?
(मुलगा गप्प.)

मिळालेल्या वेळात मुलाने पाठांतर करायचं नाही. तीन गोष्टी शोधायच्या: मी कोण, मी कोणाशी बोलतोय, मला काय हवंय. इथे मुलाला विषय टाळायचाय. एवढं कळलं की 'पाचला' हा शब्द आपोआप हळू येतो. पान छातीजवळ धरायचं, चेहऱ्यासमोर नाही. अंगठा चालू ओळीवर. ओळ डोळ्यांनी उचलायची, मान वर करायची, मगच बोलायचं. आई बोलत असताना पुढची ओळ वाचायची नाही, आईकडे बघायचं. सगळ्यात अवघड तेच. शेवटची ओळ तर फक्त गप्प बसण्याची, पण अख्खा प्रसंग तिथेच आहे! चुकीचा शब्द गेला तर थांबायचं नाही, 'सॉरी' म्हणायचं नाही, पुढे जायचं.

बालनाट्य केलेल्या मुलांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. कॅमेरा हाताच्या अंतरावर असतो. आईशी स्वयंपाकघरात बोलतो तेवढाच आवाज पुरतो.

सरावाला रोज एक नवं पान हवं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. रोज दहा मिनिटं, तेच पान परत नाही.

आता आपल्याकडचा खास मुद्दा. घरी अहिराणी बोलणारं पोरगं 'शाळा'ला 'शाया' म्हणतं, 'पाणी'चं 'पानी' होतं. लगेच टोकतात. मी म्हणतो, वाचतावाचता टोकू नका. पोरगं एकदा उच्चाराकडे लक्ष द्यायला लागलं, की समोरच्याचं ऐकणं बंद होतं. प्रमाण उच्चारांचा सराव वेगळ्या वेळी करा. शिवाय बोली म्हणजे दोष नव्हे. 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे हलगी वाजवणारा, सोलापूरकडच्या खेड्यातला मुलगा. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळालाच ना?

व्हिडिओ मागितला तर फोन आडवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून. भिंत साधी, पंखा बंद. आधी नाव, वय, उंची, गाव. समोरचे संवाद तुम्ही फोनच्या अगदी बाजूला उभं राहून वाचा, म्हणजे मुलाची नजर बरोबर राहते. तीन टेक झाले की थांबा. चौथ्यापासून मूल अभिनय नाही, हुकूम पाळायला लागतं.

आणि पैसे. ऑडिशनला बोलावून नोंदणी फी किंवा 'पोर्टफोलिओ'चे पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. धुळ्याहून मुंबईला रात्रभर बसने जाऊन हे कळण्यापेक्षा फोनवरच विचारा.

काम मिळालंच तर कायदा माहीत असू द्या. बालकामगार नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते. कमाईचा किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर थेट मुदत ठेवीत जायला हवा. सही करण्याआधी हा कलम-क्रम करारात शोधा, नसेल तर लिहून घ्या.