रात्र नसलेली खातेवही

शाखेचे शटर दुपारी खाली आले की बँकेचा दिवस संपला, असे ग्राहकाला वाटत असे. वस्तुतः आतल्या कामाचा खरा प्रहर तेव्हा सुरू होई. खातेवह्यांतील नोंदी, रोजकीर्द आणि रोखपालाची शिल्लक यांचा मेळ बसेपर्यंत कोणी जागेवरून उठत नसे. एका रुपयाच्या फरकापायी रात्रीचे नऊ वाजत, आणि सहामाही हिशेबाच्या दिवसांत तर घरी जायची शेवटची गाडी चुकणे हे नित्याचेच होते. त्या पद्धतीत कष्ट अपार होते आणि वेग नव्हता. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिच्या अंगी दोन गुण आपसूकच आलेले होते. नोंद चुकली किंवा पावसाळ्यात छत गळून खातेवही भिजली, तरी नुकसान त्या एका शाखेपुरतेच राही. आणि रोज रात्र येई, त्यामुळे दुरुस्तीला उसंत मिळे.

संगणकाने बँकेत प्रवेश केला तेव्हा या दोन्ही गोष्टी लगेच गेल्या नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीचा १९८९ मध्ये. शाखाशाखांत लेजर पोस्टिंग यंत्रे दिसू लागली, ती या वाटचालीतून. नोकऱ्यांवर गदा येईल ही कर्मचाऱ्यांची त्या वेळची भीती आज काहींना अतिरंजित वाटते. पण ज्यांचे अवघे कौशल्य हस्ताक्षरात आणि बेरजेत होते, त्यांना ती वाटणे स्वाभाविकच होते. या टप्प्यावर प्रत्येक शाखेचा संगणक स्वतंत्र होता. दिवसअखेरीस नोंदींची प्रत काढायची, ती कुलूपबंद करायची, आणि मग दिवे मालवायचे, हा क्रम कायम राहिला.

खरा पालट घडला तो २००० नंतरच्या दशकात, कोअर बँकिंगमुळे. हजारो शाखांच्या खातेवह्या एका केंद्रीय संगणकप्रणालीत एकवटल्या. ‘शाखेचा ग्राहक आता बँकेचा ग्राहक झाला’ हे वाक्य त्या काळी प्रत्येक समारंभात ऐकू येई, आणि ते खरेही होते. सांगलीत खाते असलेल्या व्यापाऱ्याला गुवाहाटीत पैसे काढता येऊ लागले. पण ज्या एकत्रीकरणाने ही सोय दिली, त्यानेच चुकीची जुनी कुंपणेही काढून टाकली. एक शाखा बंद पडणे आणि सर्व शाखा एकाच क्षणी बंद पडणे यांतील अंतर फार थोडे उरले.

यथावकाश रात्रही गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी सुरू झाली, ती ठरावीक वेळांना आणि कामाच्या दिवशी. यूपीआय २०१६ मध्ये आले. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालू झाली. पहाटे तीन वाजता रुग्णालयाचे बिल भरणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. संगणक विभागाला मात्र आता यंत्रणा चालू ठेवूनच तिच्यात बदल करावे लागतात. ‘रविवारी पहाटे दोन ते चार सेवा उपलब्ध राहणार नाही’ हा संदेश वाचून अनेक ग्राहक वैतागतात. पूर्वीच्या अख्ख्या रात्रीतून शिल्लक राहिलेले तास ते एवढेच!

चालू यंत्रणेतील बदल किती महाग पडू शकतो, हे ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने अनुभवले. पूर्वी ही बँक लॉइड्स समूहात होती. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती विकत घेतली, तरी तिची खाती लॉइड्सच्याच संगणकप्रणालीवर चालत होती. एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांच्या नोंदी नव्या प्रणालीवर हलवण्यात आल्या. नोंदी सुखरूप पोहोचल्या. परंतु प्रणाली खुली होताच ती कोलमडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपले खाते उघडता येईना. काहींना तर दुसऱ्याचेच खाते पडद्यावर दिसले. व्यवहार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला, तोवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पद सोडलेले होते. पुढे झालेल्या स्वतंत्र चौकशीत जे निष्पन्न झाले, ते प्रत्येक व्यवस्थापकाने वाचण्याजोगे आहे. बँकेची संगणक केंद्रे दोन होती. भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकाच केंद्रात झाली होती. वेळापत्रक आधी ठरले आणि तयारी त्यात बसवली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला.

टीएसबीचा बदल निदान मोठा आणि पूर्वघोषित होता. १९ जुलै २०२४ चा बदल कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर नेहमीसारखी एक छोटी फाइल धाडली. त्या फाइलच्या रचनेला माहितीचे एकवीस रकाने अपेक्षित होते. ती वाचणारा प्रोग्राम वीसच पुरवत होता. एवढ्याशा विसंगतीने संगणक बंद पडू लागले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बिघाड पाठवायला एक कळ पुरली. दुरुस्तीसाठी मात्र असंख्य ठिकाणी माणसाला संगणकासमोर बसून ती फाइल काढावी लागली.

भारतात केवळ दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी जाहीर केले. बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली क्लाउडवर नाहीत आणि हे विशिष्ट साधन मोजक्याच बँका वापरतात, अशी कारणे देण्यात आली. यांतील दुसऱ्या कारणाला सावधगिरी म्हणावे की योगायोग, हा प्रश्न उरतोच. कारण असा बदल आधी थोड्या संगणकांवर, मग काहींवर आणि शेवटी सर्वांवर, अशा टप्प्यांनी पाठवण्याची व्यवस्था त्या प्रकारच्या फाइलींसाठी कंपनीने या घटनेनंतर केली.

रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले माहिती तंत्रज्ञानविषयक निर्देश या दृष्टीने बारकाईने पाहावेत. महत्त्वाच्या प्रणालींसाठी पर्यायी केंद्राची तालीम सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यायची आहे. ती नावापुरती चालत नाही. दिवसारंभापासून दिवसअखेरीपर्यंत किमान एक पूर्ण कामकाजाचा दिवस पर्यायी केंद्रातूनच बँक चालवून दाखवावी लागते. तालीम नीट पार पडली तर ग्राहकाला तिचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे त्या दिवशी केंद्रात जागणाऱ्यांचे कौतुक करायला सहसा कोणी येत नाही.

हा विषय बँकेच्या काचेपलीकडचा आहे, असे व्यावसायिक ग्राहकांनी समजू नये. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते. संगणकीय हिशेबवह्यांची प्रतही रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवावी लागते. लहान दुकानदाराला हा नियम नसेल. त्याचा हिशेब तर बहुधा एकाच संगणकात आणि एका पेन ड्राइव्हवर असतो. पण प्रत काढणे आणि ती वापरता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित सॉफ्टवेअर कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने चुकून चालू सर्व्हरवरील माहिती पुसली. सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार उरले. प्रती राखण्याच्या पाच पद्धती होत्या. त्यांपैकी एकही भरवशाने उपयोगी पडली नाही. नित्याची प्रत निघतच नव्हती, आणि तसे कळवणारे ई-मेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी एक प्रत काढून ठेवलेली होती, तिने वेळ निभावली.

दुकानदाराला यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही. सहामाही संपली की पेन ड्राइव्हवरील प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकात उतरवावी, तेरीज काढावी आणि मूळ तेरजेशी ताडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. प्रत चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर ते तेव्हा कळते. आणि सॉफ्टवेअरचा पासवर्ड फक्त गावी गेलेल्या हिशेबनिसालाच ठाऊक आहे, हेही त्याच अर्ध्या तासात कळते.