अणूच्या पोटातील घोळके

बाभळीचे लाकूड अर्धवट जळाले की मागे काळा कोळसा उरतो. तो मुख्यतः कार्बन. आपल्या भाकरीत आणि अंगामांसातही हाच कार्बन आहे. तो घडला ताऱ्यांच्या पोटात. पण कसा?

प्रत्येक अणूच्या मध्यभागी केंद्र असते. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे कण असतात. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन मिळून हेलियमचे केंद्र होते. हा चौघांचा घोळका फार घट्ट. असे तीन घोळके जुळले की बारा कणांचा कार्बन तयार! अडचण एवढीच, की दोन घोळके जुळले तर निमिषभरही टिकत नाहीत. तेवढ्यात तिसऱ्याने येऊन मिळायला हवे. १९५३ साली इंग्लंडचे फ्रेड हॉईल म्हणाले, कार्बनच्या केंद्राची एक विशिष्ट ऊर्जेची अवस्था असलीच पाहिजे. नाहीतर जगात एवढा कार्बन होताच ना. अमेरिकेत कॅलिफोर्नियात प्रयोग झाला आणि ती अवस्था खरोखरच सापडली.

मात्र तिचे गणित पुढे कित्येक वर्षे सुटेना. बारा कण, आणि प्रत्येकाची बाकीच्या अकरांशी ओढाताण! अखेर २०११ साली एपेलबाउम, क्रेब्स, ली आणि माइस्नर या शास्त्रज्ञांनी जर्मनीतील युलिश येथील महासंगणक कामाला लावला.

त्यांची रीत पाहा. बुद्धिबळाचे पट एकावर एक रचले आहेत अशी कल्पना करा. शेजारच्या दोन घरांतले अंतर किती? एका मिलिमीटरचे पन्नास हजार कोटी भाग केले, तर त्यातला एक. या घरांत कण ठेवायचे, त्यांच्यातील बलाचे नियम संगणकाला द्यायचे, आणि फासे टाकावेत तशा असंख्य मांडण्या तपासून हिशेब करायचा. घोळके करा, असा नियम त्यात नव्हता. तरीही चौघाचौघांचे घोळके दिसले, आणि ऊर्जेचा आकडा त्रुटीच्या मर्यादेत प्रयोगाशी जुळला.

पुढच्या हिशेबांतून आकारही कळला. नेहमीच्या कार्बनमध्ये तीन घोळके चुलीच्या तीन दगडांसारखे जवळजवळ बसतात. हॉईल यांच्या अवस्थेत ते फाकतात, अर्धवट वाकवलेल्या हातासारखे.

शिक्षकांनी वर्गात सहा चिंचोके व सहा हरभरे घ्यावेत, दोन-दोनांचे तीन घोळके करून या दोन्ही रचना मांडाव्यात. कोळशाची गोष्ट मुलांना तिथेच उमगेल.